‘जिंकले ना शेवटी, मग रडता कशाला?’

आमच्या इमारतीत एक बंगाली गृहस्थ राहतात. ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झाले, नाशिकमध्येच घर घेतले, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलतात आणि सगळी इमारत त्यांना दादा म्हणते. रविवारी सकाळी आम्ही काही जण गंगापूर रोडवरच्या टर्फवर फुटबॉल खेळतो, तेव्हा हिरव्या-मरून रंगाची मोहन बागानची टोपी घालून तेही येऊन बसतात आणि नंतर आमच्याबरोबर चहा घेतात. आज चहाच्या वेळी एका तरुण मित्राने त्यांना सहज विचारले, “दादा, तुमची टीम चॅम्पियन झाली तरी तुम्ही लोक आंदोलनं करत होतात म्हणे. जिंकले ना शेवटी, मग रडता कशाला?” सगळे हसले. दादांनी अर्धा भरलेला ग्लास खाली ठेवला, सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले आणि ते निघून गेले. त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हते, हे मला ठाऊक आहे. तरीही दिवसभर हा प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे. लांबले तर सांभाळून घ्या.

मोहन बागान हा १८८९ साली स्थापन झालेला कोलकात्याचा फुटबॉल क्लब आहे, आणि विलीनीकरणानंतर त्याच्या नावाआधी लागलेल्या ‘एटीके’विरुद्ध ती आंदोलने होती. १९११ च्या २९ जुलैला याच क्लबच्या बहुतांश अनवाणी खेळणाऱ्या संघाने आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले, आणि बंगालमध्ये ही गोष्ट आजही घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पराक्रमासारखी सांगितली जाते. विलीनीकरणात समोर एटीके होता, म्हणजे २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर (आयएसएल) जन्माला आलेला फ्रँचायझी संघ. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले की एटीकेच्या मालक समूहाने मोहन बागानच्या फुटबॉल विभागाचा ८० टक्के हिस्सा घेतला आहे आणि पुढच्या मोसमापासून दोन्ही संघ एक होतील. त्यानंतर १० मार्चला कल्याणीच्या मैदानावर ऐझॉलला १-० हरवून मोहन बागानने आय-लीग, म्हणजे देशाची आधीपासूनची राष्ट्रीय लीग, जिंकली. आपला संघ विजेता झाला आहे आणि याच रूपात तो पुन्हा दिसणार नाही, या दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी मनात घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला ‘जिंकले ना’ असे म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणा.

हे विलीनीकरण दोन्ही बाजूंच्या संमतीने झाले, कागदावर सह्या आहेत, असे मला नेहमी ऐकवले जाते. सह्या आहेतच. पण त्या सह्या कोणत्या परिस्थितीत झाल्या? २०१९ मध्ये आयएसएलला देशाची सर्वोच्च लीग ठरवण्यात आले आणि त्यामुळे आय-लीग आपोआप दुय्यम झाली. ती जिंकून वर जाण्याची सोय तेव्हा नव्हती, कारण आयएसएलमध्ये जागा मैदानावर मिळत नसे, ती विकत घ्यावी लागे. शंभर वर्षांहून जुन्या क्लबसमोर दोनच पर्याय उरले: खालच्या लीगमध्ये झिजत राहायचे किंवा ज्याच्याकडे वरची जागा आहे त्याच्या घरात राहायला जायचे. लीगने कोणाच्या हाताला धरून सही करून घेतली नाही, एवढे मी मान्य करतो. एक सोडून बाकी सगळी दारे बंद केली की हात धरण्याची गरजच उरत नाही.

दार उघडता आले असते, हे पुढे दिसलेच. मोहमेडन स्पोर्टिंग हा कोलकात्याचाच तिसरा जुना क्लब २०२३-२४ ची आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये आला, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या काळ्या-पांढऱ्या रंगात. जी सोय काही वर्षांनी करता आली, ती २०२० मध्ये करायला कोणाचा विरोध होता, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

आता कोणी विचारेल की नाशिकच्या माणसाला कोलकात्याच्या क्लबचे एवढे का लागावे. त्यासाठी मला बालेवाडीला जावे लागेल.

७ मार्च २०१८ या दिवशी एफसी पुणे सिटी आणि बंगळुरू यांच्यातला आयएसएलच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना बालेवाडीला होता. पुणे पहिल्यांदाच एवढ्या वर पोहोचले होते. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता, दुसऱ्या दिवशी त्याचा गणिताचा पेपर होता आणि आम्ही दुपारी गाडी काढून निघालो. चंदनापुरी घाटात तो मागच्या सीटवर वही उघडून बसला होता, आळेफाट्यापर्यंत ती मिटली होती. चाकणच्या कोंडीत तासभर गेला. स्टेडियमबाहेर त्याला नारिंगी शर्ट घेतला, वाढत्या अंगाचा म्हणून दोन मापे मोठा, इतका की बाह्या कोपराखाली येत होत्या. आत आमच्या शेजारी एक वयस्कर पुणेकर बसले होते. आम्ही नाशिकहून आलो आहोत आणि उद्या पोराचा पेपर आहे हे कळल्यावर त्यांनी चष्मा वर करून आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “मग खरे पुण्याचे तुम्हीच. आम्ही काय, बाणेरहून चालत आलोय.” एका पुणेकराने नाशिककराला हे प्रमाणपत्र देणे ही काय चीज आहे, हे माझ्या मित्रयादीतल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

सामना शून्य-शून्य सुटला. एकही गोल नाही! पण त्या रात्री परतताना नारायणगावच्या पुढे माझा मुलगा झोपेतसुद्धा तो शर्ट काढायला तयार नव्हता. चार दिवसांनी बंगळुरूत सुनील छेत्रीने तीन गोल केले, आम्ही ३-१ हरलो आणि घरात जेवणे झाली नाहीत. गणिताच्या पेपरचे काय झाले ते इथे लिहीत नाही, कारण हीसुद्धा फेसबुकवर आहे.

मग २०१९ चा उन्हाळा आला. मालकांची आर्थिक घडी विस्कटली होती, हे सगळ्यांना माहीत होते. पण क्लब बुडतो आहे म्हटल्यावर लीगने काय करावे? पुण्यातच नवा मालक शोधण्यासाठी एखादे वर्ष द्यावे, चाहत्यांना बोलवावे, महापालिकेशी बोलावे, काहीतरी करावे. पुण्याची जागा हैदराबादला देण्यात आली. बरेच खेळाडूही तिकडे गेले आणि एफसी पुणे सिटी हे नाव पुसले गेले. आमचे तर विलीनीकरणसुद्धा झाले नाही. विलीन व्हायला निदान काहीतरी शिल्लक ठेवावे लागते. २०२२ च्या मार्चमध्ये हैदराबादने गोव्यातल्या फातोर्ड्यात केरळला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली, तेव्हा बारावीच्या परीक्षेत असलेला माझा मुलगा टीव्हीकडे पाहत म्हणाला, “बाबा, पुण्याच्या जागेवरच खेळतायत ना हे? म्हणजे आपणच जिंकलो की.” तो चेष्टेत बोलला होता. मला हसू आले नाही.

म्हणून मला दादांचे दुःख समजते. आणि म्हणूनच ‘नावाने काय फरक पडतो’ म्हणणाऱ्यांचा राग येतो. नाशिककरांनो, तुम्हाला रहाड माहीत आहे, रंगाच्या पाण्याने भरलेला तो जुना हौद. रंगपंचमीला तिवंधा चौकातली रहाड वेगळी, शनी चौकातली वेगळी, प्रत्येकीचा रंग वेगळा आणि मान वेगळा. उद्या एखाद्या कंपनीने सांगितले की दोन रहाडी ठेवणे परवडत नाही, एकच मोठी करू, आत पाणी गरम देऊ, दिवे लावू आणि नावाच्या आधी आमच्या कंपनीचे नाव लावू, तर तुम्ही ‘रंग तर खेळायला मिळतोय ना’ म्हणून टाळ्या वाजवाल का? पहिल्या बैठकीतच खुर्च्या उडतील. मग कोलकात्याच्या माणसाने तीन वर्षे घोषणा दिल्या तर ते नाटक कसे ठरते?

पैशाचा मुद्दा आहे, आणि तो मी टाळणार नाही. निष्ठेवर खेळाडूंचे पगार निघत नाहीत. नव्या मालकांनी पैसा ओतला, चांगले खेळाडू आणले, हिरवा-मरून रंग आणि चिन्हातली शिडाची होडी कायम ठेवली, आणि पुढे २०२४-२५ मध्ये एकाच मोसमात लीग शिल्ड आणि चषक दोन्ही मिळवले. ठीक आहे. चांगले केले. पण पैसा घालण्यासाठी नावाच्या आधी तीन अक्षरे चिकटवण्याची गरज होती, हे मात्र मला पटत नाही. कारण ती अक्षरे काढल्यावरही पैसा आटला नाही, उलट यश वाढले.

ती अक्षरे निघाली कशी, हे त्या तरुण मित्राने जरा वाचावे. एटीके मोहन बागान या नावाचे पहिले दोन मोसम करोनामुळे गोव्यात झाले, त्यामुळे चाहत्यांना स्टँडमध्ये उभे राहून ओरडण्याचीही सोय नव्हती. तरी त्यांनी ‘रिमूव्ह एटीके’ ही मागणी सोडली नाही. समाजमाध्यमांवर, रस्त्यावर आणि प्रेक्षक परतल्यावर स्टेडियममध्ये ती चालूच राहिली. शेवटी १८ मार्च २०२३ रोजी फातोर्ड्यात बंगळुरूला पेनल्टीवर हरवून संघ विजेता झाला आणि त्याच रात्री मालकांनी जाहीर केले की पुढच्या मोसमापासून एटीके हे नाव जाईल. ‘सुपर जायंट’ हे शेपूट मागे लागलेच, पण मोहन बागान पुढे आले. म्हणजे ज्या माणसांना आज सकाळी आपण रडके ठरवले, त्यांनी एका मोठ्या उद्योगसमूहाला नाव बदलायला लावले आहे. आपल्यापैकी किती जणांनी आयुष्यात एवढे काही मिळवले आहे?

त्या रात्री पेनल्टी अडवणारा गोलरक्षक होता विशाल कैथ. बालेवाडीच्या त्या मोसमात तो पुण्याचा गोलरक्षक होता. मुलगा दुसऱ्या गावी शिकायला होता, त्याने फक्त एक शब्दाचा निरोप पाठवला: “आपला!”

जपानमध्ये तर याहून कडू प्रकार घडला होता. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये योकोहामा फ्लुगेल्स हा क्लब शेजारच्या मॅरिनोसमध्ये विलीन करण्याचे जाहीर झाले, कारण एका प्रायोजकाने अंग काढून घेतले होते आणि दुसऱ्याला एकट्याने भार नको होता. फ्लुगेल्सच्या खेळाडूंनी काय करावे? १ जानेवारी १९९९ रोजी त्यांनी एम्परर्स कप जिंकला आणि करंडक हातात असताना क्लब संपला. आठवण म्हणून मॅरिनोसच्या नावात ‘एफ’ हे एक अक्षर घालण्यात आले. चाहत्यांनी ते अक्षर स्वीकारले नाही. त्यांनी स्वतः उभे राहून योकोहामा एफसी हा नवा क्लब काढला, खालून सुरुवात केली आणि २००७ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पोहोचून त्याच मॅरिनोसला १-० असे हरवले. ही गोष्ट मी दादांना एकदा सांगितली होती. ते म्हणाले, “आमच्याकडे खालून वर यायला जिनाच नव्हता हो, नाहीतर आम्हीही काढला असता.”

आणि आता मला ज्याचा खरा संताप आहे ते लिहितो. बंगालमध्ये लोक उठले, जपानमध्ये उठले. महाराष्ट्रात पुण्याचा क्लब गेला तेव्हा काही मोजक्या निष्ठावंतांनी निषेध केला, बाकी सगळे आयपीएलच्या गप्पांत होते. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, तेव्हाही तेच. पुणे एफसी हा पुण्याचाच आधीचा क्लब गेला, तेव्हाही तेच. शिवजयंतीला छाती फुगवणाऱ्या या राज्याला आपल्या गावाचा एक फुटबॉल क्लब सांभाळता येत नाही आणि वर आपण दुसऱ्यांच्या अश्रूंवर हसतो! (कोल्हापूरकरांनी कृपया अंगावर येऊ नये. तुमच्या पेठांचे आणि तालमींचे फुटबॉल संघ आहेत, तुम्ही सुखी आहात, आणि मी तुमच्यावर जळतो.)

लीगने तरी यातून काही शिकावे, तर तेही नाही. २०१९ मध्येच दिल्ली डायनामोज हा संघ भुवनेश्वरला नेऊन ओडिशा एफसी करण्यात आला. २०२५ मध्ये पुण्याच्या जागेवर आलेला हैदराबादचा संघ उचलून दिल्लीला नेला आणि त्याचे स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाले. म्हणजे दिल्लीचा संघ भुवनेश्वरला, पुण्याची जागा हैदराबादमार्गे दिल्लीला, आणि या सगळ्यात तिन्ही शहरांतल्या पोरांनी घेतलेल्या शर्टांचे काय करायचे, हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नाही. जर्मनीत क्लबच्या सदस्यांकडे निम्म्याहून अधिक मताधिकार ठेवण्याचा नियम आहे. एवढे मोठे मी मागत नाही. नाव, रंग किंवा शहर बदलायचे असेल, तर त्या मोसमाची तिकिटे घेतलेल्या लोकांचे मतदान घ्या आणि ते हरलात तर बदलू नका, एवढा एकच नियम लीगने लिहून दाखवावा.

तोपर्यंत दिल्लीत कोणी ओळखीचे असेल आणि या मोसमात मुलासाठी शर्ट घेणार असेल, तर त्याला माझा निरोप द्या: वाढत्या अंगाचा घेऊ नकोस, बेताच्या मापाचाच घे.