जावई पाण्यात

फायबरच्या बदकात पाऊण तास अडकून बसल्याचे माझ्याकडून जादा पैसे घेतले गेले, हे आधीच सांगून टाकतो. पुढे माझा आवाज मध्येच चढला तर निदान कारण ठाऊक असावं.

तलावाचं नाव सांगत नाही. भंडारा जिल्ह्यातला एक तलाव, एवढंच. तेवढ्या माहितीवर तो शोधायला निघणं म्हणजे सदाशिव पेठेत 'जोशी कुठे राहतात' असं विचारत फिरण्यासारखं आहे. तिथे गावाला तलाव आहेच, शिवाय एखादी बोडी, म्हणजे लहान तळं, आहे, आणि दोन्ही नसतील तर त्या गावाकडे लोक जरा संशयानंच बघतात.

बायकोचं माहेर साकोलीकडचं. दिवाळीनंतर गेलो होतो. मेहुण्यानं सकाळी चहाबरोबर यादी वाचून दाखवली: नवेगावबांध, शिवनीबांध, चांदपूर, रावणवाडी, बोदलकसा, चोरखमारा, इटियाडोह. यातले निम्मे गोंदिया जिल्ह्यात आहेत असं मी म्हटलं, तर त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. मेहुण्यानं ती गोष्ट अजून मनावर घेतलेली नाही. नवेगावबांध तो अजूनही आमचाच म्हणतो, आणि गोंदियाचा माणूस समोर असेल तर जरा जोरात म्हणतो.

शेवटी जवळचा तलाव ठरला. मेहुण्याला धान मळायला जायचं होतं, म्हणून मी आणि बायको असे दोघंच गेलो. पाणी काठोकाठ, पलीकडे सागाचं जंगल, मधे पाणकोंबड्या. खरोखर सुंदर जागा होती. ती तशीच पाहून परतलो असतो तर हा लेख तुमच्या वाट्याला आला नसता. पण काठावर बदक होतं. पायडल मारायचं, दोन माणसांचं, एका डोळ्याचा रंग उडालेलं. बायको म्हणाली, बसू या. काउंटरवरच्या पोरानं मोबाइलमधून डोकं न काढता पावती फाडली आणि दोन जाकिटं पुढे सरकवली. माझं पोटावर मिळेना. "उघडंच राहू द्या सर," तो म्हणाला, "कोणी पाहात नाही." म्हणजे जाकीट बुडू नये म्हणून नसून पाहणाऱ्यांसाठी असतं.

बदक सरळ जात नव्हतं. त्याला डावीकडे जायचं होतं. आम्ही दोघं घाम गाळून पायडल मारत होतो आणि ते आपल्या मनानं तलावाच्या एका कोपऱ्याकडे निघालं होतं. तिथे शिंगाडे लावले होते. शिंगाड्याचे वेल पाण्यावर पसरलेले असतात आणि त्यांचे दोर खाली तळापर्यंत गेलेले असतात. ते सगळे आमच्या चाकात गेले. पायडल आधी जड झालं, मग बसलं. काठ तीस-चाळीस फुटांवर. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हिवाळ्यात याच भागातल्या तलावांवर उतरतात. आमच्या पक्ष्याला शिंगाड्याचा वाफा ओलांडवेना.

उडी मारून जावं, तर खाली चिखल किती ते माहीत नाही. काउंटरकडे हात केले, तर पोरानंही हात केला. त्याला वाटलं आम्ही टाटा करतोय.

पाळीवर एक म्हातारा बसला होता. धोतर, बंडी, कानावर बिडी. तो आम्हाला बराच वेळ पाहात असावा, कारण बोलायला लागला तेव्हा त्याचं मत तयार होतं.

"अडकले का जी?"

"हो."

"शिंगाड्यात अडकले."

"हो."

"शिंगाड्यात नाई नेत बदक."

यावर काय बोलणार? मी म्हटलं, "कोणाला तरी बोलवा ना काका." त्यानं मान डोलावली आणि कानावरची बिडी काढून पेटवली.

"कोठचे जी तुमी?"

"नागपूरचे."

"नागपूरचे नाई वाटत."

"मूळचा साताऱ्याचा."

"तरीच," तो म्हणाला आणि धूर सोडला. त्या 'तरीच'चा मी अजून हिशेब लावतो आहे. साताऱ्यात काय पाणी नसतं? आमच्याकडे कोयना आहे! पण पाण्यात बसून कोयनेचा अभिमान सांगता येत नाही.

"अन् बाई कोठची?"

बायकोनं गावाचं नाव सांगितलं. म्हाताऱ्यानं बिडी खाली केली. "तेथल्या गुरुजीची त नाई?"

"हो, त्यांचीच. लहानी."

म्हातारा उठून उभा राहिला. मला वाटलं, आता हा पाण्यात उतरणार. त्यानं पाळीच्या दुसऱ्या बाजूला तोंड केलं आणि खणखणीत आवाजात हाक दिली: "अरे या रे! गुरुजीचे जावई अडकले पान्यात!"

नुसता माणूस अडकला असता तर दोन पोरं आली असती. जावई अडकल्यावर गाव येतं. बकऱ्या घेऊन एक बाई आली, सायकलवाला उतरला, शाळेतली पोरं आली, त्यातल्या एकानं मोबाइल आडवा धरला. म्हाताऱ्यानं प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून हकिगत सांगितली. सातारा त्यात दरवेळी आला. मधूनच कोणीतरी ओरडायचं, "पाय मारा ना जी!" आणि दुसरं कोणीतरी, "पाय नका मारू जी!" दोन्ही सल्ले पूर्ण आदरानं. जावयाला कोणी अरे-तुरे केलं नाही. तिकडची माणसं त्या बाबतीत फार चांगली. एका बाईनं तर विचारलं, "चहा पाठवू का?" कशातून पाठवणार होती, देव जाणे.

"डोंगा बोलावला जी," म्हातारा म्हणाला. "येते. ढिवराचा पोरगा जेवून रायला."

म्हणजे वेळ होता. त्या वेळेचा त्यानं जो उपयोग केला, त्याचा मला अजून राग येतो.

"तुमच्या सासऱ्यानं मले चौथीत दोन साल बसवलं."

मी बायकोकडे पाहिलं. ती पाणकोंबडी पाहात होती.

"काहून, माहीत आहे? एका सवालापायी. हा तलाव कोनं बांधला, म्हने. मी सांगतलं, सरकारनं. गुरुजीनं अशी छडी मारली! म्हने, कोहळ्याचा पोरगा तू अन् तलाव सरकारनं बांधला म्हनते?" (कोहळी ही तिकडची तलाव बांधणारी जात.) म्हाताऱ्यानं तळहात पुढे केला. इतक्या वर्षांनी त्यावर काय दिसणार होतं? पण पोरांनी वाकून पाहिलं. "आता तुमी सांगा. कोनं बांधला?"

मी चाळिशी उलटलेला, बँकेत नोकरी करणारा, उघड्या जाकिटातला माणूस. माझी तोंडी परीक्षा चालली होती. उत्तर त्यानं आधीच फोडलेलं होतं. "कोहळ्यांनी," मी म्हणालो.

"कवा?"

हे फोडलं नव्हतं.

मग त्यानं सगळा पाठ घेतला. गोंड राजांच्या काळात कोहळी लोक तलाव बांधायचे. तलाव बांधून जंगलाचं शेत करेल त्याला राजाकडून जमीन मिळायची. त्यावर ऊस आणि धान. नवेगावचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळ्यानं बांधला, भोवतालच्या सात टेकड्या त्या सात बहिणी, त्यांनी त्याला मदत केली, आणि कोलू पाटलाचा पुढे कोलासुर देव झाला. हे त्यानं हात जोडून सांगितलं, म्हणून मीही जोडले. हात सोडल्याबरोबर बदक कलंडलं आणि बायको म्हणाली, "नीट बसा."

"ही पार," म्हातारा पायाखालच्या पाळीवर काठी आपटत म्हणाला. "ते तिकडे तुडुम, तेथून शेताले पानी जाते. अन् ते सलंग, जास्तीचं पानी तेथून निंगते. पानी कोठून येते, कोठून जाते, पाहून मंग पाय घालावा. तुमी आले सलंगाकडून. वारा सलंगाकडून. मंग बदक येथंच येनार ना जी?"

पाऊण तासात ऐकलेलं हे एकमेव उपयोगाचं वाक्य. ते काउंटरवर लिहून लावायला काय हरकत आहे? तिथे लावलं होतं ते वेगळंच: 'विसर्गाचा आनंद घ्या'. निसर्ग लिहायचा होता. पाण्याच्या बाबतीत मात्र तेही चुकीचं नाही.

त्यानंतर पगार विचारला. घर स्वतःचं का, विचारलं. मुलगी एकच, हे ऐकल्यावर पाळीवर जी शांतता झाली, ती मला बायकोच्या बाजूनं वाटली. इतक्यात बांबूचा दांडा मारत डोंगा आला. पोराच्या तोंडात अजून घास होता. त्यानं चाकात हात घातला, वेल तोडले, शिंगाडे ओंजळीनं काढून डोंग्यात टाकले आणि आमच्या बदकाच्या मानेला दोरी बांधून आम्हाला ओढत काठाला आणलं. टाळ्या पडल्या.

आता काउंटर.

"टाइम जास्त झाला, सर."

"अरे, अडकलो होतो."

"हो, पाहिलं. पण बदकात होते ना?"

मी त्याला समजावलं की पैसे फिरण्याचे असतात, बसण्याचे नसतात. त्यानं पावती उलटी करून दाखवली. मागे छापलं होतं: अर्ध्या तासानंतर प्रत्येक अर्ध्या तासाला पूर्ण आकार. अडकण्याचा उल्लेख नव्हता. बदक डावीकडेच जातं, याचाही नव्हता. मी साहेबांना फोन लाव म्हटलं, साहेब भंडाऱ्याला होते. तक्रारवही मागितली, ती साहेबांच्या कपाटात होती. स्वच्छतागृह विचारलं, कुलूप होतं, किल्ली सायकलवरून साकोलीला गेली होती. मी पैसे दिले. बायको म्हणाली, "एवढ्या पैशांसाठी काय!" हे वाक्य नेहमी पैसे दुसऱ्याचे असतानाच का सुचतं?

जाता जाता पर्यटनाचा फलक पाहिला. त्यावर तलावाचं चित्र होतं आणि तलावामागे बर्फाचे डोंगर. भंडाऱ्यात! मे महिन्यात तिथे पंचेचाळीस अंश असतं! फलकावर सुशोभीकरण कोणी केलं, उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं, निधी कोणत्या योजनेतून आला, सगळं होतं. तलाव कोणी बांधला, ते नव्हतं. म्हणजे म्हाताऱ्यानं चौथीत जे उत्तर दिलं आणि छडी खाल्ली, तेच उत्तर आता रंगवून लोखंडी खांबांवर उभं केलं आहे. त्याला कोणी छडी मारत नाही.

थट्टेचा भाग सोडा. पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारीतले, तलाव आहेत. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. काही पाटबंधारे खात्याकडे, काही जिल्हा परिषदेकडे. गाळ कोणी काढायचा यावर मात्र कोणाची सही मिळत नाही. काठावर बेशरमीची झुडपं माजली आहेत, आत पाणी दर वर्षी उथळ होत चाललंय. सारस पक्षी महाराष्ट्रात उरलेत ते जवळपास सगळे गोंदिया-भंडाऱ्याच्या या तलावांवर आणि धानाच्या बांध्यांत, तेही मोजकेच. त्यांच्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आणि आपण काय आणलं? प्लास्टिकचं बदक, 'आय लव्ह' लिहिलेली लाल अक्षरं, आणि रविवारी डीजे. तो डीजे सुरू झाल्यावर खरी बदकं उठून जातात. फायबरचं राहतं, कारण त्याला जाताच येत नाही.

म्हाताऱ्यानं निरोप देताना माझा हात हातात घेतला. "गुरुजीले सांगा, उत्तर बरोबर सांगतलं जावयानं." सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, हे बायकोनं त्याला सांगितलं नाही. मीही नाही. रागावलेला होतो, पण एवढाही नव्हतो.

गाडीपर्यंत येताना वळणावर एक बाई ओले शिंगाडे घेऊन बसली होती. बायको थांबलीच. एक किलो घेतले. तोलताना बाई माझ्या ओल्या पँटकडे पाहात होती.

"बदकातले जावई तुमीच का जी?"

मी हो म्हटलं. तिनं वरून चार शिंगाडे जास्त टाकले. मला जरा बरं वाटलं, दिवसात कोणीतरी पहिल्यांदा हिशेब माझ्या बाजूनं केला होता. म्हटलं, अगदी ताजे दिसतात.

"ताजेच हायेत," ती म्हणाली. "आत्ताच पोरानं आनले. तुमच्याच चाकातले."

दर पूर्ण लावला.