‘४८ व्होल्ट’चं ड्रिल अडीच हजारांत: कारागिरांनी या मेसेजला भुलू नये

फर्निचर, एसी आणि इलेक्ट्रिक फिटिंगवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरतोय. त्याचा सारांश असा: नावाजलेल्या कंपन्या १८ व्होल्टच्या कॉर्डलेस ड्रिलला तिप्पट-चौपट पैसे लावतात. बाजारात अडीच हजारांत ४८ व्होल्टचं मशीन दोन बॅटऱ्या आणि पेटीसकट मिळतं, ते ३५० न्यूटन-मीटर फिरवण्याची ताकद (टॉर्क) देतं, हॅमर असल्यामुळे काँक्रीटलाही चालतं. बिघडलंच तर नवं घ्या, तरी पैसे वाचतात. हे वाचून नवी पोरं आपलं पहिलं हत्यार घेतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी ते ४८ व्होल्ट. लिथियम-आयनचा एक सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाला की ४.२. असे पाच सेल सिरीजमध्ये जोडले की १८ व्होल्ट होतात, फुल चार्जला २१. ४८ व्होल्टला १३ सेल लागतील आणि काही मशिनांवर ‘८८’ छापतात त्याला २४. मुठीएवढ्या बॅटरीत ते मावणार कुठे? बॅटरी फोडून बघायची गरज नाही, फोडूही नका. सोबतचा चार्जर उलटा करा आणि स्टिकरवर ‘आउटपुट’पुढे काय छापलंय ते वाचा. बहुतेक वेळा तिथे २१ व्होल्ट असतं. म्हणजे मशीन १८ व्होल्टच्याच वर्गातलं, आकडा तेवढा फुगवलेला. डिवॉल्टची जी बॅटरी अमेरिकेत ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणून विकली जाते, तीच युरोपात १८ व्होल्टची म्हणून मिळते. पण तो २० हा निदान भरलेल्या बॅटरीच्या जवळपासचा आकडा आहे.

खरा फरक पडतो तो सेलच्या दर्जात. ऑटो हिंजेससाठी, म्हणजे कपाटाच्या दाराच्या आतल्या बिजागऱ्यांसाठी, १९ मिमी प्लायमध्ये ३५ मिमीचा कटर लावून बघा. कटर रुतला की मोटर एकदम जास्त करंट ओढते. चांगला सेल तेवढा करंट देतो, हलक्या सेलचा व्होल्टेज तिथेच कोसळतो. मग बॅटरीचे सगळे दिवे लागलेले असतानाही मशीन गचके खातं आणि बंद पडतं. दुकानात हवेत फिरवून बघितलं तर यातलं काहीच कळत नाही. शक्य असेल तर प्लायचा तुकडा आणि कटर बरोबर घेऊन जा.

बॅटरीवर छापलेल्या क्षमतेचं, म्हणजे अ‍ॅम्पिअर-अवरचंही तेच. हत्यारांत वापरतात तो १८ मिमी जाडीचा, ६५ मिमी लांबीचा सेल साधारण २ ते २.५ अ‍ॅम्पिअर-अवरचा असतो. पाच सेलच्या बॅटरीतून तेवढंच मिळणार. त्या सेलवर ४ किंवा ५ मिळवायचे तर पाच-पाचच्या दोन रांगा, म्हणजे दहा सेल हवेत. एक सेल सुमारे ४५ ग्रॅमचा, म्हणजे अशी बॅटरी साडेचारशे ग्रॅमच्या वरच भरायला हवी. हलकी लागली तर स्टिकर खोटा.

३५० न्यूटन-मीटरबद्दल एवढंच सांगतो: कारच्या चाकाचे नट साधारण १००-१२० न्यूटन-मीटरला आवळतात. त्याच्या तिप्पट ताकद हातातल्या ड्रिलमध्ये असती आणि बिट अडकला असता, तर मनगट जागेवर राहिलं नसतं. १८ व्होल्टच्या मध्यम ड्रिलला ५०-६० असतात आणि फर्निचरच्या बहुतेक कामांना ते भरपूर होतात.

आता हॅमर. इथे मेसेज सगळ्यात जास्त नुकसान करतो. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बिटला थरथर देतात. विटेच्या भिंतीत किंवा सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकमध्ये ६-८ मिमीच्या भोकाला तेवढं पुरतं. पण मुंबई-पुण्याचे बरेच नवे टॉवर मायवान शटरिंगने, म्हणजे धातूच्या साच्यांत काँक्रीट ओतून बांधतात, तिथे खोल्यांच्या भिंतीही काँक्रीटच्या. तिथे हे मशीन जोर देऊन रेटलं की बिटचं टोक लाल होतं आणि भोक पुढे सरकत नाही. अशा भिंतीला आणि स्लॅबला एसडीएस-प्लसचं (खाचेच्या बिटचं) रोटरी हॅमर लागतं. त्यात पिस्टन हवेच्या दाबाने ठोका मारतो. मिनिटाला ठोके कमी, पण प्रत्येक ठोक्यात दम असतो. म्हणून ठोक्यांचा आकडा सोडा, ज्यूल किती, म्हणजे एका ठोक्याचा जोर किती, ते विचारा. दोन-अडीच ज्यूलचं मशीन अँकरच्या रोजच्या भोकांना पुरतं. हे ब्रँडेड ड्रिललाही लागू आहे. महागातलं हॅमर ड्रिल घेऊनही स्लॅबला रोटरी हॅमर वेगळंच लागेल.

‘बिघडलं तर नवं घ्या’ हे घरात वर्षाला चार भोकं पाडणाऱ्याला ठीक आहे, त्याने खुशाल स्वस्तातलं घ्यावं. कारागिराचं मशीन साइटवर बंद पडलं की त्याची आणि हेल्परची हजेरी बुडते, वर गिऱ्हाइकाची बोलणी. शिवाय अशा मशिनांची बॅटरी पुढच्या वर्षी त्याच खाचेची मिळेलच असं नाही. मकिताची १८ व्होल्टची मालिका २००५ साली आली, तिच्या बॅटऱ्या आजही मिळतात आणि त्याच बॅटरीवर ग्राइंडर, जिगसॉही चालतो. चार पैसे जास्त जातात ते यासाठी. ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर परवडली तर जरूर घ्या, एका चार्जवर काम जास्त निघतं.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला घ्या नाहीतर पुण्यात बोहरी आळीत, पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा: सुटी बॅटरी केवढ्याला, सर्व्हिस सेंटर कुठे, बिलावर सीरियल नंबर टाकणार का? नंबर टाकायला तो टाळाटाळ करत असेल तर दुसरं दुकान बघा, कारण नावाजलेल्या कंपन्यांच्या डुप्लिकेट बॅटऱ्याही बाजारात भरपूर आहेत.