“आधी साधाच घेऊ, जमलं तर चांगला घेऊ”

हे वाक्य आज पुन्हा ऐकलं आणि डोकं फिरलं. म्हणून हे लांबण.

पुतण्याचा नववा वाढदिवस होता. धाकट्या भावजींनी त्याला माऊथ ऑर्गन आणला. ऑनलाइन मागवलेला, १७९ रुपयांचा, निळ्या प्लास्टिकचा, वर चमचमती नक्षी. पोरगं केक सोडून फुंकत बसलं. चार भोकं वाजली, दोन नुसतीच फुसफुसली, एक तर असं किंचाळलं की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. दहा मिनिटांनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणतो, “काकू, मला फुंकताच येत नाही.”

मी भावजींना म्हटलं, अहो हे खेळणं आहे, वाद्य नाही. तर म्हणे, “वहिनी, आधी साधाच घेऊ, जमलं तर चांगला घेऊ.”

तिथं गप्प बसले. पाहुणे होते. इथं बोलते.

जमणार कसं हो? मुरलेल्या वाजवणाऱ्याला फुटका बाजा दिला तर तो दोन फुंकांत ओळखेल आणि बाजूला ठेवेल. नवशिक्याला ते कळत नाही. त्याला वाटतं, आपल्यातच खोट आहे.

मला वाटलं होतं. चौथीत होते. मार्गशीर्षात पुसेगावची सेवागिरी महाराजांची जत्रा, आप्पा खोंड विकायला निघालेले, मी हट्टानं मागे लागले. बैलबाजाराच्या कडेला एक माऊथ ऑर्गनवाला सिनेमातली गाणी अशी वाजवत होता की मी तिथून हलेना. बारा रुपये. आप्पांनी दिले. घरी आल्यावर बघते तर तिसरं भोक मुकं. ओठ दुखेपर्यंत फुंकलं. घरातले म्हणाले, बाजा वाजवायला छातीत दम लागतो. झालं, माझ्यात दम नाही हे मीच ठरवून टाकलं, आणि बाजा गेला फळीवर. तो माणूस वाजवत होता एक आणि गोणीतून काढून विकत होता दुसरेच, हे कळायला मला मोठं व्हावं लागलं.

डी.एड.ला असताना वसतिगृहात एका मुलीकडे होनरचा माऊथ ऑर्गन होता. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावची कंपनी, १८५७ पासून हाच उद्योग. आपल्याकडे उठाव चालला होता तेव्हा तिकडे ही मंडळी बाजे करत होती! तिनं सहज माझ्या हातात दिला. मी सवयीनं जीव खाऊन फुंकणार तेवढ्यात म्हणाली, अगं, नुसता श्वास सोड. सोडला. तिसरं भोक वाजलं. मला रडू आलं, आणि तिला वाटलं मला घरची आठवण आली.

आता मुद्द्याचं. नवशिक्यासाठी दहा भोकांचा डायटॉनिक, म्हणजे साध्या सात स्वरांचा घ्या, सी स्केलचा. दहा भोकं, वीस रीड (हवेनं थरथरून वाजणाऱ्या धातूच्या बारीक जिभल्या), प्रत्येक भोकात एक स्वर फुंकायचा, एक ओढायचा. चौथ्या भोकात सा फुंका, रे ओढा. पाचव्यात ग आणि म, सहाव्यात प आणि ध. सातव्यात मात्र उलटं: नी आधी ओढायचा, मग वरचा सा फुंकायचा. सगळे तिथंच अडखळतात. एवढं जमलं की प्रार्थनेपासून आरतीपर्यंत बरंच काही वाजतं. भोकं असलेली मधली पट्टी प्लास्टिकची चालते, किंबहुना तीच बरी, लाकूड थुंकीनं फुगतं. वरची झाकणं स्क्रूची असावीत, म्हणजे उघडून साफ करता येतात. आणि हवा कडेनं गळता कामा नये. स्वस्त मालाचं खरं दुखणं तेच. अर्धा श्वास फटींतून जातो आणि पोराला वाटतं आपण कमी पडतो.

दुकानात जाऊन घ्या. तोंडाला लावायची वस्तू, फुंकून बघू देणार नाहीत, पण काही दुकानांत भाता असतो, त्यावर एकेक भोक वाजवून मागा. लाजू नका. होनर, सुझुकी, ईस्टटॉप यांच्यातला साधा बघा. चोवीस भोकांचा ट्रेमोलो लाटा उठवल्यासारखा गोड वाजतो, पण तिथं एका स्वराला दोन रीड, त्या दोन्ही नीट जुळवलेल्या हव्यात. स्वस्तात त्याच बिघडलेल्या असतात.

कोमल स्वरांची गाणी डायटॉनिकवर नीट येत नाहीत, मान्य. त्याला बटणवाला क्रोमॅटिक लागतो आणि तो महाग. आणि हेही कबूल करते की चांगल्या बाज्यातही दुसऱ्या भोकाचा ओढायचा स्वर नव्या माणसाला दाद देत नाही. पण तो सरावानं सुटतो. निळ्या प्लास्टिकचा सात जन्मांत सुटायचा नाही.

पोरं आठ दिवसांत वस्तू टाकून देतात, हेही ठाऊक आहे मला. केक साडेसातशेचा होता, तो तर आठ मिनिटांत संपला.

जाऊ दे. भावजींवर फार तोंड टाकलं. लिहिता लिहिता आप्पाच डोळ्यांपुढे येताहेत. जनावर घेताना दात बघणारा, चालवून बघणारा, रुमालाखाली बोटं दाबून भाव करणारा माणूस. त्या दिवशी खोंड मनासारख्या किमतीला गेलं नव्हतं, हे आईनं खूप वर्षांनी सांगितलं. तरी बारा रुपये दिले, आणि घासाघीससुद्धा केली नाही, कारण बाज्याचे दात कुठं बघायचे हे त्यांना माहीत नव्हतं. नंतर संध्याकाळी केरसुणीची काडी घेऊन ते तिसरं भोक कोरत बसायचे. “कचरा असंल,” म्हणायचे.

संध्याकाळी गावात जाऊन भात्यावर दहाही भोकं वाजवून एक घेऊन आले. किंमत भावजींनी विचारू नये. उद्या पोराला देणार आहे. तिसऱ्या भोकापासून सुरुवात करू.