'थेट खात्यात' म्हणजे नेमकं कोणाच्या?

गेल्या पंधरवड्यात एकच निरोप मला तीन ग्रुपवर आला. आधी आमच्या इंदूरच्या सोसायटीच्या, मग गणेशोत्सव मंडळाच्या आणि शेवटी आम्हा निवृत्त बँकवाल्यांच्या. मजकूर थोडक्यात असा: 'राजीव गांधींच्या काळी रुपयातले 15 पैसे पोचायचे. आता डीबीटीमुळे (सरकारी मदत थेट बँक खात्यात भरण्याच्या पद्धतीमुळे) पूर्ण रुपया थेट खात्यात. मधली माणसं संपली, घोटाळा शक्यच नाही. ऑडिटवाले कागदी चुका काढतात, आणि चौकशी लागली की गरिबाचं पेन्शन बंद पडतं. तेव्हा तक्रारी बंद करा.' पहिल्या दोन ठिकाणी गप्प बसलो. पण ज्यांनी उभा जन्म लेजर जुळवण्यात घालवला, त्यांनीच खाली अंगठे उठवले, तेव्हा मात्र राहवलं नाही.

15 पैशांचं लवकर उरकतो. ते 1985 मधलं पंतप्रधानांचं विधान होतं, मोजणी नव्हती. त्याच्या शेजारी आज 100 लिहून वजाबाकी करता येत नाही.

आता 'थेट खात्यात, म्हणून घोटाळा अशक्य'. काउंटरवर तीस वर्षं बसलेला माणूस म्हणून सांगतो, बँक खाते क्रमांक बघते. त्या खात्यात पैसे का आले, मालक पात्र आहे का, हे बँक ठरवत नाही. ते ठरतं यादीत, आणि यादी माणसंच करतात. पूर्वी चोरी रस्त्यात व्हायची, आता ती यादीत होते, इतकाच फरक.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या केंद्रीय शिष्यवृत्तीचं उदाहरण घ्या. सगळं राष्ट्रीय पोर्टलवर, पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात. अर्ज आधी संस्थेचा माणूस तपासणार, मग जिल्ह्याचा. मंत्रालयाने तपासलेल्या 1572 संस्थांपैकी 830 बनावट किंवा बंद निघाल्या. 2017-18 ते 2021-22 या पाच वर्षांत त्यांच्या नावावर 144.83 कोटी रुपये गेले होते आणि 2023 मध्ये प्रकरण सीबीआयकडे सोपवलं गेलं. संस्थाच खोटी असेल तर तिथल्या तपासणाऱ्याचा शिक्का काय कामाचा? पैसे मात्र 'थेट'च गेले!

आणि पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांना विचारा. महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेत 14,298 पुरुष लाभ घेत होते, हे 2025 मध्ये बाहेर आलं. तिथेही पैसे खात्यातच जमा होत होते.

'मधली माणसं संपली' हे वाचून मात्र हसू आलं. बँकेच्या कियोस्कवर, म्हणजे अंगठा लावून पैसे काढायच्या केंद्रावर, कधी उभे राहिलात? म्हातारी अंगठा लावते, पलीकडचा म्हणतो 'सर्वर डाउन है, माताजी, फिर से लगाओ'. दुसऱ्यांदा लावलेल्या अंगठ्याचं काय झालं, हे तिला पासबुक भरून आणल्याशिवाय कळायचं नाही, आणि पासबुक भरायला कोण नेणार? बहुतेक कियोस्कवाले सरळ असतात. पण पावती मागायची सवय आपण कोणालाच लावलेली नाही.

ऑडिटवाले कागदी चुका काढतात, असंही निरोपात आहे. बरं. आपल्याच मध्य प्रदेशात अंगणवाडीच्या पोषण आहाराबद्दल 2022 मध्ये महालेखाकारांचा अहवाल गाजला. आहार ज्या ट्रकांतून नेल्याचं दाखवलं होतं, त्यांचे नंबर वाहन नोंदणीशी ताडले, तर त्यांतली काही वाहनं मोटारसायकल, कार, ऑटो आणि टँकर निघाली. अशा फेऱ्यांतल्या मालाची किंमत 6.94 कोटी होती. हा मसुदा आहे, अंतिम निष्कर्ष नाही, असं सरकारने सांगितलं, तेही इथे नोंदवतो. पण पद्धत बघा ना. धाड नाही, खबऱ्या नाही, दोन वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या. आम्ही संध्याकाळी कॅश जुळवायचो तेच हे.

अर्थात प्रत्येक विचित्र आकडा म्हणजे चोरी नसते. कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, 2023 च्या अहवालात आयुष्मान योजनेचे साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी 9999999999 या एकाच मोबाइल नंबरला जोडलेले दिसले. भरणाऱ्याने रकाना उरकायला नऊचे आकडे टाकले असतील. लाभार्थी ओळखायला मोबाइल नंबर लागत नाही, असं सरकारचंही म्हणणं होतं. पटतं. पण त्या लोकांशी संपर्क कसा करणार, हा प्रश्न उरतोच. संशय आणि सिद्ध गुन्हा यांत अंतर आहे, म्हणून तर चौकशी लागते.

ती वेळेवर लागावी, एवढंच. इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या नगर निगमच्या (महापालिकेच्या) सामाजिक सुरक्षा पेन्शनबद्दलचे आरोप 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले, न्यायमूर्ती जैन आयोग नेमला गेला 2008 मध्ये, अहवाल आला 2012 मध्ये. वृद्धांच्या यादीची तपासणी इतकी लांबल्यावर साक्ष द्यायला कोण उरतं?

राहिला शेवटचा मुद्दा, चौकशी लागली की पेन्शन बंद पडतं. हा निरोपातला एकमेव मुद्दा ज्यात तथ्य आहे. आमच्या शेजारच्या मावशींचंच झालं. वय 78, धुणीभांडी करून बोटांच्या रेषा गेलेल्या, ई-केवायसीत, म्हणजे यंत्रावरच्या ओळख-तपासणीत, अंगठा उमटेना. महिन्याचे 600 रुपये चार महिने नाहीत. पण हा तपासाचा दोष म्हणायचा की आळसाचा? घरी माणूस पाठवण्याऐवजी नावावर काट मारणं सोपं, म्हणून काट मारली. संशयित नाव वेगळं काढा, नोटीस द्या, भेटून या, मग बंद करा; तोवर पैसे चालू ठेवा.

आणि 'तक्रारी बंद करा' का म्हणून? माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील न मागताच जाहीर करायचा असतो. रेशनच्या सामाजिक अंकेक्षणाची (लोकांसमोर हिशेब तपासण्याची) जबाबदारी अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 28 ने स्थानिक संस्थेवर टाकली आहे. नाहीतर माहिती अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज करा. फक्त 'घोटाळा झाला का' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'नाही' असंच येतं. विचारा: आमच्या वॉर्डात पेन्शनचे हितग्राही (लाभार्थी) किती, गेल्या वर्षी मृत्यू नोंदीवरून किती नावं कमी केली, आणि मृत्यूच्या किती दिवसांनी? 181 वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार केलीत तर ती तुम्हाला न विचारता बंद तर होत नाही ना, तेवढं बघत राहा.

मावशींच्या पासबुकाची मी झेरॉक्स काढून ठेवली आहे, समग्र आयडीसकट (मध्य प्रदेशातला सरकारी ओळख क्रमांक). मंगळवारी जनसुनवाईला, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडायला, मोती तबेल्याला कलेक्टर कचेरीत जातोय. ग्रुपवरच्या कोणाला यायचं असेल तर या, पण लवकर निघू, रांग मोठी असते.