नवनियुक्त पोलीस शिपायासाठी प्रकृतीविषयक सल्ला

अभिनंदन! २०२४ च्या भरतीत साडेसतरा हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले होते सतरा लाखांच्या वर. त्या गर्दीतून, ऐन जूनच्या पावसात, चिखल तुडवत तुम्ही सोळाशे मीटर धावलात, गोळा फेकलात, छाती फुगवून दाखवलीत आणि निवडले गेलात. आता ते धावणं विसरून जा. चोरामागे धावायचे प्रसंग नोकरीत फार येत नाहीत, आणि येतील तोवर तुमचं पोट तुम्हाला धावू देणार नाही. शासनाने परीक्षा धावण्याची घेतली असली तरी नोकरी उभं राहण्याची दिली आहे. तेव्हा सुरुवात पायांपासून करू.

मंत्रिमहोदय अकराला येणार असतील तर तुम्ही पहाटे सहाला जागेवर हवेत. ते तीनला येतात. ताफा तुमच्यासमोरून जायला वीस सेकंद लागतात आणि त्या वीस सेकंदांत तुम्ही रस्त्याकडे पाठ करून लोकांकडे बघत असता. त्यामुळे ज्यांच्यासाठी नऊ तास ताटकळलात ते गोरे की सावळे, तेही कळत नाही. याला बंदोबस्त म्हणतात. पॉइंट वाटले जाताना एखादं झाड, बसथांबा, गेला बाजार बंद दुकानाची पायरी पदरात पडतेय का बघा. नव्या माणसाला बहुधा डिव्हायडर मिळतो. पायाच्या शिरा निळ्या पडून फुगायला लागल्या की समजावं, आपण खात्यात रुळलो.

पाणी बेताने प्या. महिला शिपायांना हा सल्ला द्यावा लागत नाही, त्या बंदोबस्ताच्या आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतात. कारण आराखड्यात बॅरिकेड किती, वॉकीटॉकी किती, दंगल आवरायची वज्र गाडी कुठे, सगळं असतं. स्वच्छतागृह कुठे ते नसतं. म्हणून जवळच्या बँकेतल्या बाई, दवाखान्यातला कंपाउंडर, अशा लोकांशी ओळख ठेवा. खबरे काय फक्त गुन्ह्यांसाठी जोडायचे असतात? पुढे मुतखडा झालाच तर ती तुमची खासगी बाब आहे, बंदोबस्ताशी तिचा संबंध जोडू नये.

कान प्रिय असतील तर पुण्यात बदली मागू नका. अनंत चतुर्दशीला सकाळी मंडईतून निघालेली मिरवणूक अठ्ठावीस-तीस तास चालते. लक्ष्मी रस्त्यावर सीओईपी या तिथल्या अभियांत्रिकी संस्थेची मुलं दरवर्षी आवाज मोजतात, आकडा शंभर डेसिबलच्या आसपास निघतो. नियमाने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ च्या वर जायचं नाही. तो नियम पाळायला लावणारे तुम्ही, भिंतीएवढ्या स्पीकरला खेटून, दोर धरून उभे. ‘आवाज कमी करा’ असं तुम्ही सांगताही. पण ते ऐकू जायला आधी आवाज कमी व्हावा लागतो. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातल्या गणपतीचं विसर्जन करता, तेव्हा जरा नाचून घ्या. त्याचा व्हिडिओ निघेल आणि ‘पोलीसच बेभान’ म्हणून संध्याकाळपर्यंत सगळीकडे फिरेल, पण अंग मोकळं होतं.

झोपेबाबत कायदा अगदी स्पष्ट आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम २८ म्हणतं की पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचं मानलं जाईल. सदैव. म्हणजे घरी घोरत पडलेले असतानाही कायद्याच्या नजरेत तुम्ही ड्युटीवरच असता, आणि ड्युटीवर झोपणं ही कसुरी आहे.

या ‘सदैव’ला एकदा तासांचं कुंपण घालून पाहण्यात आलं होतं. देवनार ठाण्यातल्या एका शिपायाने स्वतः बसून आठ तासांच्या पाळ्या कशा लावता येतील त्याचा तक्ता केला. एवढंच नव्हे, तो वरपर्यंत पोचवला. तेव्हाचे मुंबईचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो केराच्या टोपलीत न टाकता मे २०१६ मध्ये देवनारलाच लावून पाहिला आणि २०१७ उजाडताच मुंबईभर नेला. माणसं मुलं जागी असताना घरी पोचू लागली. मुलांनाही जड गेलं असेल. अचानक एक मिशीवाला गृहस्थ रोज संध्याकाळी घरात येऊन गृहपाठ तपासायला लागला म्हणजे काय! पुढे मनुष्यबळ कमी, सण जास्त, निवडणुका त्याहून जास्त, असं होत होत आठाचे पुन्हा बारा होत राहिले. मुंबईबाहेरच्या बहुतेकांनी ही गोष्ट दंतकथा म्हणूनच ऐकली आहे.

मुंबईत लोहमार्ग पोलिसांत नेमणूक झाली तर डबा जपून खा. उपनगरी मार्गावर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जातात. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून. स्टेशन मास्तरचा मेमो येतो, तुम्ही हमाल आणि स्ट्रेचर घेऊन निघता. मिळेल तेवढं गोळा करायचं, पंचनामा करायचा, खिसे तपासायचे. पास सापडला तर नाव कळतं. मोबाईल शाबूत असेल तर तो वाजतो आणि स्क्रीनवर ‘आई’ असं येतं. तो उचलून काय बोलायचं, हे प्रशिक्षण केंद्रात शिकवत नाहीत, आणि माझ्याकडेही त्यावर कसली गंमत नाही. फोन झाला की पुढचा मेमो. अशा कामाचा मनावर ताण येतो हे खात्याला मान्य आहे, त्यासाठी तणावमुक्तीची शिबिरं घेतली जातात. ती सोयीसाठी तुमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवतात.

जिवाच्या धोक्याबद्दल घरच्यांची समजूत काढा. त्यांच्या डोळ्यांपुढे बंदुकाच असतात. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबची एके-४७ नुसत्या हातांनी धरून ठेवली, त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं, आणि दर २६ नोव्हेंबरला त्यावरची भाषणं तुम्ही उन्हात उभे राहून ऐकाल. तुमची रोजची गाठ मात्र हेल्मेटशी आहे. २०१६ साली खारला वाहतूक शाखेच्या एका हवालदाराने हेल्मेट नाही म्हणून एका पोराची दुचाकी अडवली; पोराचा भाऊ आला, त्याने डोक्यात बांबू घातला, आणि काही दिवसांनी हवालदार गेला. म्हणून गाडी अडवण्याआधी समोरच्याचा मामा कोण आहे ते विचारा. तुम्हाला तो ‘मामा’ म्हणतो ते नव्हे. दुसरा, नगरसेवक असलेला. लगेच फोन तुमच्या कानाला लावला जाईल, ‘घ्या, साहेबांशी बोला.’ बोलला नाहीत तर उद्धट. बोलून सोडून दिलंत तर चिरीमिरी घेतली. दंड लावलात तर बदली.

चिरीमिरीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, ती घेणारे आहेत, कोठडीत हात चालवणारेही आहेत, आणि ज्यांनी ते भोगलं त्यांना हा लेख वाचून हसू येणार नाही. त्याबाबतचे सल्ले ठाण्यात रुजू होताच अनुभवी मंडळी आपणहून देतील. माझी गरज नाही.

मेंदूला व्यायाम हवा म्हणून १ जुलै २०२४ पासून कायदेही बदलले आहेत. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८, जमावबंदीचं १४४ आता १६३. वीस वर्षं पाठ असलेले आकडे विसरून ठाणे अंमलदार एका हाताने पुस्तक चाळतो आणि दुसऱ्याने तक्रार लिहितो. झडती-जप्तीचं चित्रीकरणही करायचं आहे. ‘फोन कोणाचा?’ हा प्रश्न विचारू नका, नवखे दिसाल.

घर मिळेल. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीत पोलिसांच्या पिढ्या १६० चौरस फुटांत वाढल्या. पुनर्विकासातली ५०० फुटांची जागा पोलिसांना किती रुपयांत द्यायची, यावर २०२२ साली भाजी बाजारात चालते तशी घासाघीस झाली. आधी ५० लाख, मग २५, शेवटी १५. शिपायाच्या पगारात यातला कोणताही आकडा सारखाच लांब दिसतो.

यावर संघटना काढावी असं मनात आलं तर तोंडावर पाणी मारून या. १९६६ चा एक केंद्रीय कायदा आहे. त्यात परवानगीशिवाय पोलिसाने संघटनेत जायचं नाही आणि वर्तमानपत्राशी बोलायचंही नाही. मुंबईत एकदा संघटना होती. ऑगस्ट १९८२ मध्ये, बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री असताना, तिची मान्यता काढली गेली, पुढारी पहाटे उचलले गेले, शिपाई रस्त्यावर आले आणि शहरात लष्कर बोलवावं लागलं. पुढे बडतर्फीचे आदेश निघाले. पोलिसांनाच आवरायला दुसरे कोणी आणावे लागले, असा तो दुर्मीळ बंदोबस्त होता, ज्यात तुम्हाला पॉइंट नव्हता.

रजेचं मात्र बरं चाललंय. २०२२ साली शासनाने पोलिसांच्या किरकोळ रजा १२ वरून २० केल्या. पूर्वी बारा नामंजूर व्हायच्या, आता वीस होतात. तुमचं लग्न अजून व्हायचं असेल तर भटजीआधी ठाण्यातल्या हजेरी मास्तरला गाठा. गणपती-नवरात्र सोडा, सहा डिसेंबर सोडा, एकतीस डिसेंबर सोडा, आषाढी सोडा, अधिवेशन सोडा. शिवजयंती दोनदा येते, दोन्ही सोडा. राहतो एखादा मंगळवार. अर्जाखाली ‘कायदा व सुव्यवस्थेची परिस्थिती पाहून’ हे शब्द स्वतःच लिहून ठेवा, साहेबांची शाई वाचते. आणि अर्ज दोन प्रतींत द्या, पहिली हरवते.