मुलांना वाचनालयाची गरज उरली नाही, हे खरे नाही

गेल्या काही महिन्यांपासून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो आहे. वाचनाची गोडी घरात लागते, वाचनालयात नाही. मुलांना हवे ते सगळे आता मोबाइलवर फुकट मिळते. वाचनालयांच्या बालविभागांत कोणी फिरकत नाही आणि तरीही त्यांवर सरकारी पैसा खर्च होतो. तेव्हा मुंबईत, जिथे जागेला सोन्याचा भाव आहे, तिथे या खोल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांना देऊन टाकाव्यात, असा त्याचा आशय आहे. परळ भागातील एका वाचनालयाच्या बालविभागात मी सहा वर्षे दर शनिवारी पुस्तकांची देवघेव सांभाळते. या मजकुरातील बहुतेक विधानांत थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच तो वाचणाऱ्याला पटतो. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि तो मान्य झाला तर ज्या मुलांकडे दुसरे काहीच नाही त्यांचे नुकसान होईल.

पहिले विधान घराविषयीचे. ज्या घरात आईवडील वाचतात तिथे मुलेही वाचतात, हे कोणीही नाकारणार नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २७ देशांतील माहितीवर आधारलेल्या एका संशोधनातही घरातील पुस्तके आणि मुलांचे पुढील शिक्षण यांचा जवळचा संबंध दिसून आला. मात्र त्याच संशोधनात असेही आढळले की, पालक फारसे शिकलेले नसतील तर पहिल्या थोड्याशा पुस्तकांचा मुलांना होणारा लाभ सर्वांत मोठा असतो. आता ही थोडीशी पुस्तके मुंबईत ठेवायची कुठे? बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील घर आधी २२५ चौरस फुटांचे होते, मग २६९ झाले आणि आता ३०० आहे. तेवढ्या जागेत पाच-सहा माणसे, गाद्यांची चळत, पाण्याचे पिंप आणि बऱ्याच घरांत आईचे शिवणयंत्र. घरी पुस्तकांचे कपाट करा, हा सल्ला ज्यांच्याकडे एक भिंत रिकामी आहे त्यांच्यासाठीच आहे. शिवाय घर विरुद्ध वाचनालय ही मांडणीच मुळात चुकीची आहे, कारण वाचनालयातून नेलेले पुस्तक वाचले जाते ते घरीच, आणि पुष्कळदा धाकट्या भावंडाला मोठ्याने वाचून दाखवले जाते.

मोबाइलचा मुद्दा अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतील गोष्टी खुल्या आहेत. हे काम मोलाचे आहे आणि मी स्वतः त्याचा उपयोग करते. पण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी एकच स्मार्टफोन असतो, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री नऊ-दहाला परत येतो. फोन हाती आला तरी हजारो गोष्टींतून आपली गोष्ट कोणती, हे नऊ वर्षांच्या मुलीला कोण सांगणार?

गेल्या पावसाळ्यात चौथीतील एक मुलगी मोठ्या भावाबरोबर यायला लागली. पहिल्या शनिवारी तिने भुतांच्या गोष्टींचे पुस्तक नेले आणि न वाचता परत केले. पुढे परीकथा नेल्या, मग एक चरित्र नेले. तीही तशीच परत आली. पुस्तक टेबलावर ठेवताना ती माझ्याकडे बघत नसे. चौथ्या खेपेला, बाहेर पाऊस कोसळत असल्यामुळे थांबावे लागले म्हणून, मी तिला शाळेतून घरी जाताना काय काय दिसते ते विचारले. जिन्यातल्या कोळ्याच्या जाळ्याबद्दल ती इतके बोलली की मी खालच्या फळीवरचे कोळी-किड्यांचे छायाचित्रांचे एक पातळ पुस्तक काढून तिच्या हातात दिले. ती दोन कपाटांच्या मधल्या फरशीवर मांडी घालून बसली आणि भाऊ तीनदा हाक मारून गेला तरी उठली नाही. निघताना म्हणाली, “मावशी, नोंदवहीत माझं नाव लिहा, दादाचं नको.”

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धांत मांडले, त्यांतील दोन असे आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. ही गाठ घालून द्यायला मूल आणि पुस्तक या दोघांनाही ओळखणारे माणूस लागते, आणि तीन पुस्तके न वाचता परत केली तरी कोणी रागावणार नाही अशी जागा लागते. निवड मुलाची असण्याला किती महत्त्व आहे, हे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात गरीब वस्त्यांतील शाळांमध्ये झालेल्या एका प्रयोगातूनही दिसते. तिथे मुलांना सलग तीन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत, दर वेळी स्वतः निवडलेली बारा पुस्तके दिली गेली, आणि ज्यांना ती मिळाली नव्हती त्या मुलांच्या तुलनेत त्यांचे वाचन स्पष्टपणे सुधारले.

बालविभाग ओस पडतात, हे विधान अनेक ठिकाणी खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण ते का ओस पडतात, हे त्या मजकुरात कोणी विचारलेले नाही. माझ्या स्वतःच्या शाळेत पुस्तकांची दोन काचेची कपाटे होती, त्यांची किल्ली एका सरांकडे असे, आणि दहा वर्षांत ती कपाटे मी फक्त तपासणीच्या दिवशी उघडी पाहिली. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत असे स्पष्ट म्हटले आहे; मात्र कुलपात ठेवलेल्या पुस्तकांनी कायद्याची पूर्तता कागदावरच होते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले, आणि तिथल्या ग्रंथालय चळवळीत पुस्तके पेट्यांमध्ये भरून गावोगाव पाठवली गेली. वाचक येत नसेल तर पुस्तकाने त्याच्याकडे जावे, हे आपल्याकडे तेव्हाच कळले होते.

आमच्याकडेही पूर्वी खोली रिकामीच असे. मग कपाटांची दारे काढून मुक्तद्वार पद्धत सुरू केली, मुलांचा हात पोहोचेल एवढ्याच उंचीवर पुस्तके ठेवली आणि मुखपृष्ठे समोर दिसतील अशी मांडली. एकाऐवजी दोन पुस्तके द्यायला लागलो, फाटलेल्या पानाचा दंड बंद केला आणि वेळ सकाळची बदलून चार ते सात केली. नोंदवहीचे एक पान पूर्वी दोन-तीन शनिवार पुरत असे. आता ते एका शनिवारी भरते.

पैशाविषयी थोडक्यात. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला आणि महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा आहे, पण तमिळनाडूप्रमाणे आपल्याकडे ग्रंथालय-कर नाही. आपली बहुतेक सार्वजनिक वाचनालये स्थानिक संस्था चालवतात, त्यांना वर्गवारीनुसार अनुदान मिळते आणि उरलेला खर्च वर्गणी-देणग्यांतून भागवावा लागतो. बालविभागांवर सरकारी पैशाची उधळण होते, हे चित्र खरे नाही.

राहिला अभ्यासिकेचा प्रश्न. एका खोलीच्या घरातील तरुणांना परीक्षेसाठी शांत जागा हवी, ही मागणी पूर्णपणे रास्त आहे, आणि ती मुलांच्या विरोधात उभी करण्याचे कारण नाही. तिथे येणारा विद्यार्थी आपली पुस्तके बरोबर आणतो, त्याला टेबल, पंखा आणि शांतता लागते. मुलांना फरशी, कपाटे आणि बोलण्याची मुभा लागते. आमच्या वाचनालयात खोली एकच आहे. सोमवार ते शुक्रवार ती दिवसभर अभ्यासिकेसाठी असते आणि शनिवारी दुपारी साडेतीनपर्यंत. मुलांच्या बुटक्या कपाटांना आम्ही चाके बसवून घेतली आहेत. पावणेचारला ती भिंतीपासून पुढे ओढायची, सात वाजता परत लावायची, आणि साडेसातला परीक्षेची मुले पुन्हा आपापल्या खुर्च्यांवर असतात.