अर्क म्हणजे घाम

‘अगदी बापाचा अर्क आहे!’ असं आपण सहज म्हणून जातो. यातला अर्क संस्कृत, म्हणजे सूर्य. सूर्याचं तेज तसं वस्तूचं सार, असं परवा एका जाणत्या माणसाने मला ठासून सांगितलं. ऐकायला छान आहे, पण खरं नाही. खरी हकीकत याहून कितीतरी सुंदर आहे, म्हणून ही पोस्ट.

सूर्य किंवा रुई या अर्थाचा अर्क संस्कृतच. गुलाबाचा अर्क मात्र अरबी ‘अरक’वरून, फारसीच्या वाटेने आला. अरबीत अरक म्हणजे घाम, आजसुद्धा. मराठीत त्याला संस्कृताचा पेहराव इतका चपखल बसला, की आपण ‘मद्यार्क’ शब्द केला तेव्हा मद्य संस्कृत, अर्क अरबी आणि मधे दीर्घ संधी!

पण घामच का? उकळत्या पाण्यावर झाकण ठेवा, थोड्या वेळाने उचलून आतून बघा. बारीक थेंब फुटलेले असतात. शेजारचे दोन एकमेकांत मिसळतात, जड होतात आणि ओघळतात. कपाळावर घाम असाच येतो. भट्टीतही तेच. मद्यार्क साधारण ७८ अंशांना उकळतो, पाण्याच्या बराच आधी, त्यामुळे वर चढणाऱ्या वाफेत त्याचा भाग जास्त; ती गार जागी टेकली की भांड्याला घाम फुटतो. त्याला पहिल्यांदा हे नाव देणाऱ्याच्या नजरेचं मला फार कौतुक वाटतं.

हा घाम मग जगभर ओघळला. लेबनॉनची बडीशेपेच्या वासाची अरक, पाणी घातलं की दुधाळ होणारी. तुर्कांची राकी, बाल्कनमधली आलुबुखारची राकिया, मंगोलियातली दुधापासूनची आर्खी, श्रीलंकेतली माडाची अरॅक. माल वेगवेगळा, शब्द एकच.

आपल्याला अरॅक आठवते ती १९९२ च्या आंध्रातल्या आंदोलनामुळे. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबागुंटाच्या बायकांनी ते पेटवलं आणि १९९३ मध्ये सरकारला तिच्यावर बंदी घालावी लागली. त्यांचा राग रास्तच होता. पण म्हणून अत्तरवाल्याच्या अर्काचं या शब्दाशी असलेलं रक्ताचं नातं लपवायचं कशाला? ‘दारू’सुद्धा फारसीत औषधच होतं, ‘दवादारू’त ते अजून जिवंत आहे.

आणि मराठीचं बघा. अरबी कुणी शिकवली नव्हती, तरी आपण घामही गाळतो आणि दारूही गाळतो.